शहराच्या धुराचा जमाखर्च

महानगरपालिकेच्या अर्थसंकल्पात पैशाचा जमाखर्च असतो. हवेत सोडलेल्या वायूंचा हिशेब त्यात मांडण्याची प्रथा नव्हती. बृहन्मुंबईत तो मांडला गेला. १३ मार्च २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याने २०१९ सालचा आकडा लोकांपुढे ठेवला : कार्बन डायॉक्साइडच्या मापात सुमारे २ कोटी ३४ लाख टन उष्णतावर्धक वायू.

या आकड्यापेक्षाही त्याची वाटणी अधिक उद्बोधक आहे. मुंबईचा धूर म्हटला की हमरस्त्यावर खोळंबलेल्या मोटारी डोळ्यांसमोर येतात. परंतु वाहतुकीचा वाटा २० टक्केच आहे, आणि कुजणाऱ्या कचऱ्याचा ८ टक्के. उरलेले ७२ टक्के वायू घरे, कचेऱ्या व कारखाने यांना लागणाऱ्या ऊर्जेपायी, त्यातही प्रामुख्याने विजेपायी, निर्माण होतात. ही वीज मुख्यतः कोळशाची. तो कोळसा काही ट्रॉम्बेस जळतो, काही डहाणूस, तर काही त्याहूनही दूर. दिवा दादरला लागतो आणि धुराडे डहाणूच्या खाडीकाठी उभे असते. यास्तव महानगराचा आराखडा हा एकट्या महानगराचा विषय राहत नाही.

कोळशावाचून मिळणारी वीज मुंबईस नवी नव्हे. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे भिवपुरी व भिरा येथील केंद्रे आली. गिरणगावातील यंत्रे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाच्या बळावर फिरू लागली. पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले. १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झालेच. त्या विजेस धूर नव्हता, किंमत मात्र होती, आणि ती शहराच्या कोणत्याही हिशेबवहीत लिहिली गेली नाही.

शहराच्या योजनेचे दुसरे अंग बचावाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेल्या होत्या. ही क्षमता दुप्पट करावी, असे १९९३ च्या अहवालातच सुचविले होते. त्या कामास खरी गती आली ती महापुरानंतर. सल्ला होता, त्यामागे पैसा उभा राहण्यास आपत्ती यावी लागली. नव्या आराखड्याची अशी गत होऊ नये, म्हणून २०२४-२५ पासून पालिकेने हवामान अर्थसंकल्प मांडण्यास प्रारंभ केला. कोणत्या खात्याचा किती खर्च या कामी पडतो, हे त्यात नोंदले जाते. नीरस वाटणारे हे कोष्टकच कदाचित साऱ्या आराखड्यातील सर्वांत मोलाचे पान ठरेल.

उद्दिष्टे मोठी आहेत : २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० साली निव्वळ शून्य. ओला कचरा वेगळा करून त्याचे खत करणे, विजेच्या बसगाड्या वाढविणे, पत्र्याच्या घरांवर ऊन परतविणारा रंग देणे ही कामे पालिकेच्या आवाक्यातील आहेत. शाळा, रुग्णालये व मंडया यांच्या गच्च्यांवर सौर पट्ट्या बसविणेही तसेच. परंतु चाळीस मजली इमारतीची गच्ची तिच्यातील शेकडो बिऱ्हाडांस पुरणार नाही. गच्च्या आधी वापराव्यात हे खरेच. तथापि उरलेली वीज बाहेरूनच येणार, आणि सूर्यप्रकाशाच्या विजेला जमीन लागते, बरीच लागते.

ही जमीन कोठली असेल, याची कल्पना ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सहज यावी. माळरान कागदावर पडीक दिसते. गावाच्या लेखी ते गुरांचे कुरण असते, सरपणाची जागा असते. जमीन भाडेपट्ट्याने द्यावयाची की कायमची, मुदत किती वर्षांची, चराईसाठी कोणता भाग मोकळा राहणार, पट्ट्या धुण्यास लागणारे पाणी कोणत्या विहिरीचे, आणि मुदत सरल्यावर पट्ट्या व त्यांचे सांगाडे कोण उचलणार, हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी ग्रामसभेत विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावयास हवीत.