एक हंडाही जास्तीचा न आणता उन्हाळ्यातली परसबाग

आज आम्ही बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलणार आहोत ते उन्हाळ्यातल्या परसबागेबद्दल. परसबाग म्हटलं की मोठी जागा डोळ्यांपुढे येते, पण आमच्यातल्या बऱ्याच जणींकडे न्हाणीच्या मागची चार हात जमीन, नाहीतर तेलाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या एवढंच आहे. त्यात तुळस, कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, ओव्याची पानं आणि कोरफड अशी रोज हाताशी लागणारी झाडं. दिवाळीनंतर ती जोमानं वाढतात. होळी झाली, ऊन तापलं की एकेक मान टाकायला लागतं आणि वैशाखापर्यंत डब्यात नुसती माती उरते.

आपला भाग लातूरकडचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं इथं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. आजही टँकरची वाट बघणारी गावं आहेत. अशा ठिकाणी कुणी परसबागेचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "अगं, प्यायला नाही आणि झाडाला कुठून घालायचं?" प्रश्न खरा आहे, कारण घरात पाणी लागलं की हंडा चढतो तो बाईच्या नाहीतर शाळेतून आलेल्या पोरीच्या डोक्यावर. म्हणून आमच्या गटानं एक नियम केला आहे: परसबागेसाठी एक हंडाही जास्तीचा आणायचा नाही. घरात एकदा वापरलेल्या पाण्यावर जेवढं जगेल तेवढंच लावायचं. आज आम्ही जे सांगू ते सगळं या नियमात बसणारं आहे.

आधी पाण्याचा हिशेब करू. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मोरीत न ओतता एका बादलीत साठवून बघा. पाच-सहा माणसांच्या घरात दिवसाकाठी पाच-सहा लिटर सहज जमतं. दहा-बारा इंची डब्यातल्या झाडाला उन्हाळ्यात साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. म्हणजे सात-आठ डबे एवढ्यावर निघतात. पाण्यात मीठ पडलेलं असेल तर ते घालू नका. साबणाचं पाणी वेगळ्या बादलीत ठेवा. ते पुदिना-कोथिंबिरीला अजिबात नको, कारण ही पानं आपण कच्ची खातो. कपडे धुतलेलं पाणी शेवग्याला किंवा केळीला चालतं, पण रोज एकाच बुडात ओतलं तर धुण्याच्या पावडरीतल्या क्षारानं माती कडक होते. म्हणून जागा बदलत राहा.

आता पाणी द्यायचं कधी आणि कसं? सूर्य उगवायच्या आत, नाहीतर दिवे लागल्यावर. दुपारी दिलेलं पाणी निम्मं वाऱ्यावर जातं. रोज वरवर शिंपडू नका. त्यानं मुळं वरच राहतात आणि तीच आधी करपतात. माती बोटभर खोल चाचपून बघा. आत ओल लागली तर आज राहू द्या, कोरडी लागली तर बुडाशी सावकाश मुरेपर्यंत द्या. दुपारी पानं थोडी मलूल दिसली म्हणून लगेच धावू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाडाला तहान नाही, ते नुसतं उन्हापासून अंग चोरत होतं.

आपल्या आज्या-पणज्या वैशाखात तुळशीवर गळती लावायच्या. बारीक छिद्र असलेलं मातीचं भांडं वर टांगायचं आणि थेंब थेंब पाणी पडू द्यायचं. ठिबक म्हणतात ते दुसरं काय? जमिनीत झाडं असतील तर कुंभाराकडचं साधं, न रंगवलेलं मडकं दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर परळ ठेवा, म्हणजे डासही होत नाहीत. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही शेतकरी असं मडकं पुरायचे. जुनं, थंड पाणी न होणारं मडकं मात्र यासाठी घेऊ नका. त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात.

पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते मातीचं पांघरूण. आपल्याकडे सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला यांना तोटा नाही. दोन-तीन इंच जाड थर मातीवर पसरा, खोडापासून मात्र चार बोटं लांब ठेवा. वाळवी दिसली तर थर काढून उन्हात टाका आणि नवा घाला. काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि भेगांतून ओल तर जातेच, मुळंही तुटतात. म्हणून आधी खुरप्यानं वरची माती हलवून भेगा बुजवा, मग पांघरूण घाला. "एक कोळपणी अर्धं पाणी" हे शेतकरी म्हणतात ते डब्यातल्या मातीलाही लागू आहे.

सावलीसाठी हिरवी जाळी विकत आणायची गरज नाही. जुनं सुती लुगडं चार काठ्यांना बांधा. सकाळचं कोवळं ऊन झाडाला हवंच असतं, अडवायचं ते अकरा ते चारचं, आणि त्यातही पश्चिमेकडून येणारं. डबे पत्र्यावर किंवा तापलेल्या फरशीवर ठेवू नका, खाली वीट ठेवा. सगळे डबे एकमेकांना चिकटून ठेवले की एकाची सावली दुसऱ्याला मिळते. काळ्या रंगाचा डबा फार तापतो, त्याला गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून चुना लावा.

आता एकेका झाडाचं बघू. कोथिंबीर उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, म्हणून मोठी जुडी होईल अशी आशाच ठेवू नका. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि सावलीत पेरा. दर आठवड्याला मूठभर पेरलं आणि कोवळी असतानाच कापली तर घरापुरती मिळत राहते. पुदिन्याला अर्धी सावली आणि ओल हवी. काड्या रापल्या की निम्म्यावर छाटा, बुडातून नवे धुमारे येतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर ती बी धरण्यात जीव घालवते. बियाण्यापुरती एखादी ठेवली की पुरे. कढीपत्ता उन्हाला भीत नाही. शेंडे खुडले की फुटवे येतात. गवती चहा जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. ओव्याच्या पानाला आणि कोरफडीला पाणी कमीच लागतं, लाडानं जास्त घातलं तर बुडातून सडतात. आणि भर उन्हात कुठल्याच झाडाला खताचा डोस देऊ नका, कुंडी बदलू नका. या दिवसांत त्याला वाढवायचं नसतं, तगवायचं असतं.

कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी आणि पांढरा पिठ्या ढेकूण येतो. पाच-दहा पानांवरच असेल तर ती तोडून टाका आणि बाकीची पानं खालून धुवा. वाढलाच तर ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा आणि संध्याकाळी फवारा. त्यानंतर चार-पाच दिवस ती पानं खाऊ नका आणि नंतरही धुऊनच वापरा.

मैत्रिणींनो, हिरवळीबद्दलही बोलायला हवं. आमच्यातल्या दोघी एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर रोजानं जातात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांच्या लॉनला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ४६५ लिटर लागतं, म्हणजे १५ लिटरचे ३१ हंडे, आणि तेही एकाच वेळचे! हा हिशेब त्या दोघींनी मालकांपुढे मांडला. गवत उन्हाळ्यात दोन-तीन इंच उंच ठेवायचं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही आणि कापलेलं गवत तिथंच पसरायचं, असं ठरलं. लॉनचा मागचा भाग वाळू द्यायलाही मालक तयार झाले. आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, वरून पिवळी पडली तरी जमिनीखालच्या कांड्यांत जिवंत असते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. गणपतीसाठी अंगणात दूर्वा राखल्या असतील तर त्यांना वैशाखात वाळू द्या. त्या मेलेल्या नाहीत.

आता कुणी विचारेल, एवढं करून मिळतं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. चार पानं पुदिना खाऊन ते भरून निघत नाही. त्यासाठी डाळी, पालेभाज्या आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण उन्हाळ्यात भाजी महागली की पहिली काटछाट होते ती बाईच्या ताटात. भाकरीबरोबर पुदिन्याची चटणी असली, वरणात मूठभर कढीपत्ता असला, ताकाला कोथिंबीर लागली की जेवण तरी होतं. तेवढ्यासाठी दहा-वीस रुपयांची जुडी आणावी लागत नाही, आणि हे पैसे गटाच्या बचतीत पडतात.

शेवटचं सांगतो. झाडाला लुगड्याची सावली करताना आपल्या डोक्यालाही पदर हवा. दुपारी बारा ते चार परसात काम करू नका, तांब्याभर पाणी पिऊन मगच बाहेर पडा. आणि सगळंच जगवता येणार नसेल तर तीनच झाडं निवडा, बाकीची सोडून द्या. त्यात कमीपणा काही नाही. मृग निघाला की शेजारणीकडून पुदिन्याची काडी, गवती चहाचं ठोंब आणता येतं. आमच्या गटात हे ठरूनच गेलं आहे: प्रत्येकीनं एक-एक झाड तगवायचं आणि पावसाळ्यात सगळ्यांनी वाटून घ्यायचं. तुमच्या गल्लीतही चौघींनी मिळून असं ठरवा. मग एकीचं वाळलं तरी गावातून ते झाड जात नाही.