जुन्या फरशीवर नवी फरशी



चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता 'कामगार चळवळीचे भवितव्य'. आम्ही उलट टपाली कळवले की, भवितव्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्हांला जुन्या फरशीवर नवी फरशी कशी बसवतात, एवढ्यावरच बोलू द्या. त्यांना आमची थट्टा वाटली असावी. पण आम्ही थट्टा केलेली नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या घरातील जमिनी पाहिल्या त्याने जमिनीवर बोलावे, एवढाच आमचा हिशेब आहे.

आमची विद्वत्ताही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा व्हायला नको. वडील गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळी आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. संप कधी मोडला हे घरात कोणी बोलले नाही. चूल मात्र थंडावत गेली. नववीत शाळा सुटली आणि एका गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून उभे राहिलो. माल कालवायचा, घमेली उचलायची, फरशा जिन्याने वर न्यायच्या. वाचन झाले ते पुढे, युनियनच्या कचेरीतील एका कपाटापुढे बसून, रात्री. तेव्हा आमच्या बोलण्यात संस्कृत वचने निघाली नाहीत तर आम्हांला माफ करा.

आता विषयाकडे येतो. आपल्या घरांतील जमिनींचाही एक इतिहास आहे. शेणाने सारवलेली जमीन, मग चुन्याचा कोबा, मग शहाबादी लादी. शहाबाद कलबुर्गीकडे, तिथला तो राखाडी चुनखडीचा दगड अर्ध्या महाराष्ट्राच्या पायाखाली आहे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत विलायती रंगीत फरशा येत. पुढे 1922 साली 'भारत' नावाने सिमेंटच्या फरशांचा स्वदेशी कारखाना निघाला आणि नक्षीची फरशी इथलीच मिळू लागली. त्यानंतर मोझेक आली, कोटा आला, आणि आता गुजरातेतील मोरबीची गुळगुळीत, आरशासारखी व्हिट्रिफाइड लादी. ज्याच्या-त्याच्या घरी आज हाच प्रश्न पडतो की, खालची जुनी फरशी उखडायची की तिच्यावरच नवी चढवायची?

उखडणे म्हणजे काय, ते आम्ही पाठीवर घेऊन पाहिले आहे. दहा फूट बाय बारा फुटांची खोली धरा. जुनी फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून तीन इंचांचा थर निघाला, तर तो दीड टनाहून अधिक भरतो. तीस-तीस किलोंची पन्नासएक पोती. चौथ्या मजल्यावरून ती उतरणार कोणाच्या डोक्यावरून, हे घरमालकाच्या अंदाजपत्रकात कुठे लिहिलेले नसते. शिवाय खालच्या बिऱ्हाडाच्या छताचे पोपडे सुटतात, भिंतीतून नेलेले नळ दुखावतात, आणि आठ दिवस घरभर धूळ. म्हणून, खालची जमीन धड असेल तर ती तिथेच राहू द्यावी आणि वर नवी बसवावी, या मताचे आम्ही आहोत. परंतु 'धड असेल तर' या तीन शब्दांतच सगळे काम आहे.

धड आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा एका नाण्याने प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. भरीव असेल तर आवाज टणक येतो. पोकळ असेल तर मडक्यासारखा. मडके वाजले की खडूने फुली. फुल्या दहा-वीस असतील तर तेवढ्या फरशा काढून खड्डे भरून घ्यावेत. निम्म्या खोलीवर फुल्या आल्या तर मात्र मोह सोडावा आणि उखडावे. मग नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांची पातळी पाहावी. तळमजल्याची खोली असेल आणि भिंतीला खालून ओल चढत असेल, तर ओलीचा बंदोबस्त आधी. वरची नवी लादी पाणी पीत नाही. खालची ओल तिला भेदून वर येत नाही, ती बाजूला सरकते आणि भिंतीत चढते. न्हाणीघरात तर आम्ही फरशीवर फरशी घालू देत नाही. तिथे खालचा कोबा गळका असेल, तर वर संगमरवर घाला, शेजाऱ्याचे छत गळायचे ते गळणारच.

ओझ्याचा हिशेबही करावा. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे, सामानसुमान मिळून दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून स्लॅबचा हिशेब करतात, असे आपल्या भारतीय मानकात आहे. चिकटवण्याच्या मसाल्याने पातळ थरावर नवी लादी बसवली, तर त्या दहा-बाराच्या खोलीत सव्वातीनशे किलोंच्या घरात वजन वाढते. हेच काम जुन्या पद्धतीने, दीड इंच वाळू-सिमेंटच्या मालावर केले, तर वाढीव बोजा अकराशे किलोंच्या पुढे जातो. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत हा प्रयोग करणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. तिथे आधी इंजिनियरला बोलवा, मग लादीवाल्याला.

यानंतर उंची. लादी आणि मसाला मिळून जमीन अर्ध्या इंचाने वर येते. अर्धा इंच म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण मग दार अडते, कपाटाचा खालचा खण उघडत नाही, आणि मोरीचा उंबरठा बुटका होऊन पाणी खोलीत येऊ लागते. दारे आधी उतरवून खालून रंधून घ्यावीत. हे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते नेहमी शेवटच्या दिवशी आठवते.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ती आमच्याच घरची आहे.

2014 च्या मे महिन्यात मुलीचे लग्न ठरले होते. घरी शहाबादी लादी, झिजून गुळगुळीत झालेली. घरच्या मंडळींचे म्हणणे, पाहुणे येणार, निदान पुढची खोली तरी नीट दिसू द्या. मिस्त्री आमच्याच नाक्यावरचा, जुना ओळखीचा. काम अंगावर दिले, चौरस फुटाच्या दराने. त्याने लादी पाहिली आणि म्हणाला, "दादा, हिला टाकी मारायला दीड दिवस लागेल." आपल्याकडे जात्याला टाकी लावीत, आठवते ना? दगड गुळगुळीत झाला की दाणा धरीत नाही. तसेच हे. गुळगुळीत फरशीला खरबरीत केल्याशिवाय वरचा मसाला धरीत नाही. आम्ही कॅलेंडर पाहिले आणि त्याला अर्धा दिवस दिला. त्याने खास चिकटवण्याचा मसाला आणायला सांगितले होते. आम्ही म्हटले, सिमेंट काय वाईट आहे? इतकी वर्षे सिमेंटवरच देश उभा आहे.

सिमेंट वाईट नाही, परंतु त्याला धरायला छिद्रे लागतात. मातीची किंवा सिमेंटची जुनी फरशी पाणी पिते, त्या पाण्याबरोबर सिमेंट आत शिरते आणि मूळ धरते. व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिच्या पाठीला नुसते सिमेंट लावणे म्हणजे तेलकट ताटावर कणीक थापणे. तिच्यासाठी पॉलिमर घातलेला मसाला लागतो. त्याचे भारतीय मानकही आहे, क्रमांक 15477, तो पिशवीवर छापलेला असतो. लादीच्या पाठीवर कारखान्यातली पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसावी लागते. मसाला दातेरी थापीने सगळीकडे सारखा ओढावा लागतो. पाच ठिकाणी पाच गोळे ठेवून वर लादी दाबली की मधे पोकळ्या राहतात, आणि पुढे गॅसचा सिलिंडर जरा जोरात टेकला की नेमकी तिथे चीर जाते. दोन लाद्यांत दोन-तीन मिलिमीटर सांधा आणि भिंतीकडेने बोटाच्या जाडीपेक्षा थोडी कमी फट सोडावी लागते. आम्हांला तेव्हा सांधा दिसायला नको होता. एकसंध आरसा हवा होता.

लग्न झाले. आरसा वर्षभर टिकला. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी, आम्ही वर्तमानपत्र वाचत बसलो असता, खोलीत फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. पाहतो तो मधल्या दोन ओळी पाल ठोकल्यासारख्या वर उठलेल्या! उन्हाने लादी फुगते, थोडीशीच फुगते, पण तिला सरकायला चारी बाजूंनी जागा नव्हती आणि खालून कोणी धरून ठेवले नव्हते. ती उठणारच.

आणि आम्ही काय केले? मिस्त्रीची पंधराशे रुपयांची बाकी आमच्याकडे होती. दुसऱ्या घरमालकाने राखली असती तर आम्ही त्याच्या दारात झेंडा घेऊन उभे राहिलो असतो. लग्नाच्या धामधुमीत ती द्यायची राहिली होती. आता आम्ही नाक्यावर जाऊन चार लोकांसमक्ष सांगितले की, काम फसले, बाकी मिळणार नाही. तो भांडला नाही. म्हणाला, "दादा, दीड दिवस मागितला होता." एवढेच बोलला आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या टेंपोत चढला.

त्या रात्री झोप लागली नाही, असे म्हणणे सोपे आहे. खरे सांगायचे तर झोप लागली. लाज वाटायला आठवडा लागला. तिसऱ्या दिवशी एका घरमालकाशी दुसऱ्या कामगाराच्या बाकीवरून बोलताना त्याच्या तोंडी आमचेच वाक्य आले, तेव्हा पहिल्यांदा चमकलो. पैसे घेऊन गेलो तो मिस्त्री गावी गेला होता. दिवाळीनंतर भेटला. पैसे घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. क्षमा वगैरे कोणी मागितली नाही, दिली नाही.

यातून आम्ही एक गोष्ट मात्र शिकलो, ती आज इथे मांडतो. चौरस फुटाचा दर हा बसवलेल्या लादीचा असतो. वाजवून पाहणे, टाकी मारणे, पुसणे, पातळी घेणे, वाळू देणे, या सगळ्याला त्या दरात पैसा नाही. म्हणजे जो मिस्त्री नीट काम करील त्याचा रोज बुडतो आणि जो पाच गोळ्यांवर लादी टेकवील त्याचा रोज वाढतो. असा दर ठरवायचा आणि मग 'हल्ली कारागिरी राहिली नाही' म्हणून हळहळायचे, हे आम्ही मध्यमवर्गीय घरांतून फार ऐकतो. तयारीची मजुरी वेगळी ठरवा, दिवसावर ठरवा, लादी बसवण्याचा दर वेगळा ठरवा. आमच्या युनियनने नाक्यावर हे लिहून लावले आहे. मानणारे थोडे, पण आहेत.

दुसरे, धुळीचे. लादी कापायचे चक्र कोरडे फिरते तेव्हा पांढरा धूर उठतो तो पाहिला असेल. तो धूर नव्हे, दगडाची पूड. तिच्यात सिलिका असते. फुप्फुसात बसली की तिथेच राहते, आणि होणारा सिलिकोसिस कोणत्याही औषधाने मागे फिरत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने या रोगाला नोंदीच्या यादीत घातले. पण तुमच्या जिन्यात बसून लादी कापणारा पोरगा कारखान्यात नसतो. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड 1 जुलै 2024 पासून बंदच केला, कारण तो कापणारे तरुण कामगार याच रोगाने पडू लागले. तोंडाला रुमाल बांधून ही पूड अडत नाही. चक्रावर पाण्याची धार हवी. सरळ काप असेल तर चक्रच नको, रेघ मारून मोडायचे हत्यार मिळते. 'पाण्याने जिना खराब होतो' म्हणून कोरडे कापायला लावणाऱ्या सोसायट्या आम्ही पाहिल्या आहेत. जिना पुसता येतो.

कोणी विचारील, हल्ली लाकडासारख्या पट्ट्या मिळतात, एकमेकींत अडकवून जुन्या फरशीवर नुसत्या पसरायच्या, त्यांचे काय? कोरड्या खोलीत ठीक. आमच्या दमट मुंबईत पाणी सांडले आणि वेळेवर पुसले नाही तर त्या कडेने फुगतात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी विचार करावा.

आमच्या खोलीचे पुढे काय झाले? 2016 च्या जानेवारीत त्याच मिस्त्रीला बोलावले. उठलेली लादी काढली; ती इतकी सहज निघाली की बहुतेक अख्खीच हाती आली. शहाबादीला टाकी मारायला त्याने दीडाऐवजी दोन दिवस घेतले. आम्ही मोजले नाहीत. म्हणजे मोजले, पण बोललो नाही. दारे आधी उतरवली. मसाला लहान-लहान टप्प्यांत पसरला, वीस मिनिटांत वरून सुकू लागतो म्हणून. बसवून झाल्यावर चोवीस तास कोणी पाऊल टाकायचे नाही, असे त्याने दारात दोरी बांधून ठेवले. आमच्या सासूबाई पहाटे देवपूजेला त्या खोलीत जाणाऱ्या. त्यांनी त्या दिवशी दोरीअलीकडूनच देवाला हात जोडले.

उरलेल्या चार लाद्या आम्ही पलंगाखाली ठेवल्या आहेत. तुम्हीही ठेवाव्यात; पुढच्या खेपेला तोच रंग बाजारात मिळत नाही.