दोन्ही तीन गिगाहर्ट्झचेच, मग फरक कशात?

बचत गटांच्या आजच्या गप्पांत कर्ज नाही, व्याज नाही आणि लोणच्याचं लेबलही नाही. आज बोलायचंय जुन्या कॉम्प्युटरबद्दल. गेल्या काही महिन्यांत तीन-चार ग्रामसंघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: "हिशोबासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घ्यायचाय, दुकानदार दोन दाखवतो, कुठला घेऊ?"

आमच्या ग्रामसंघासमोरही हेच दोन होते. तालुक्याच्या दुकानात एक होता इंटेलचा कोअर टू ड्युओ ई ८४०० प्रोसेसर असलेला आणि दुसरा कोअर आय थ्री २१०० वाला. दुसरा दीड हजाराने महाग. दुकानदार म्हणाला, "ताई, हाही तीन गिगाहर्ट्झ, तोही तीनच्या आसपास. दोन्हीत दोन कोअर. उगाच जास्त पैसे कशाला घालता?" पहिल्या प्रकारचे त्याच्याकडे सहा डबे पडून होते, हे आम्हाला दिसत होतं. पण तो म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं. ई ८४०० आहे ३ गिगाहर्ट्झचा, आय थ्री २१०० आहे ३.१ चा. आणि आमच्या गटात महिन्याची बचत शंभर रुपये, म्हणजे दीड हजार ही पंधरा जणींची एका महिन्याची बचत. मासिक बैठकीत त्याचं उत्तर द्यावं लागणार होतं.

तर आधी हा गिगाहर्ट्झ समजून घेऊ. प्रोसेसर ठोक्यावर काम करतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. पण एका ठोक्यात काम किती उरकतं, ते या आकड्यात येत नाही. दोघी जणी सारख्याच वेगाने हात चालवतात, तरी एकीच्या शंभर पोळ्या होतात तेव्हा दुसरीच्या सत्तरच झालेल्या असतात, हे आपण लग्नाघरी पाहिलेलं आहे. ई ८४०० बाजारात आला २००८ साली, आय थ्री २१०० आला २०११ साली. मधल्या तीन वर्षांत प्रोसेसरची आतली रचनाच बदलली. त्यामुळे ठोके जवळपास तेवढेच असले तरी दर ठोक्याला नवा जास्त काम उरकतो.

दुसरी गोष्ट, कोअर दोन्हीत दोनच. पण आय थ्रीमधला एकेक कोअर दोन कामं हाताशी धरतो. याला हायपर थ्रेडिंग म्हणतात. दूध तापेपर्यंत आपण समोर उभ्या राहतो का? कणीक मळून घेतो. तसंच, एक काम कशासाठी तरी थांबलं की तोच कोअर दुसरं पुढे ढकलतो. म्हणून कॉम्प्युटरला तिथे चार कोअर असल्यासारखे दिसतात. खरे चार नव्हेत, तेवढा जोरही येत नाही, पण बँकेची साइट, हिशोबाची शीट आणि फोटो एकदम उघडले की अडखळणं कमी होतं.

आता एक गंमत. दुकानदाराने शेवटचा पत्ता टाकला तो कॅशचा. "याची कॅश ६ एमबी, त्याची ३ च!" हेही खरं. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला मिसळणाचा डबा. तो मोठा असला तर चांगलंच. पण जुन्याला डबा मोठा का लागला, ते बघा. त्याचं कोठार, म्हणजे रॅम, लांब आहे. रॅममधलं काही हवं असेल तर प्रोसेसरला मदरबोर्डवरच्या दुसऱ्या एका चिपमार्फत मागवावं लागतं. आय थ्रीमध्ये रॅमचा कारभार प्रोसेसरच्या पोटातच आहे, कोठाराचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. म्हणून त्याचं लहान डब्यावर भागतं. चित्र दाखवणारा भागही आय थ्री २१०० मध्ये आतच आहे. ई ८४०० मध्ये तो नाहीच, त्याला बोर्डावरच्या चिपवर किंवा वेगळ्या कार्डावर अवलंबून राहावं लागतं.

पण आमच्या मते दीड हजाराचा खरा हिशोब रॅमपाशीच होतो. ई ८४०० च्या जुन्या बोर्डांवर बहुतेक वेळा डीडीआर टू रॅम असते. आम्ही पाहिला तो बोर्ड जास्तीत जास्त ४ जीबी घेणारा होता. आज एक ब्राउझरच चार-पाच टॅबमध्ये यातली बरीच जागा खाऊन टाकतो. डीडीआर टूची पट्टी जुन्या बाजारातच शोधावी लागते, आणि डीडीआर थ्रीची पट्टी तिथे बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. आय थ्री २१०० च्या बोर्डावर डीडीआर थ्री लागते. तिथे ४ च्या ८ जीबी करता येतात. पुढे पैसे जमले तर त्याच बोर्डावर खरे चार कोअर असलेला आय फाइव्ह २४०० बसू शकतो. फक्त तो जास्त वीज घेतो, ६५ च्या जागी ९५ वॉटचा आहे, तेव्हा पंखा आणि पॉवर सप्लाय झेपतोय का ते विचारून घ्यायचं.

आम्ही दोन्ही तिथेच चालू करायला लावले. अशा वेळी लाजायचं नाही, बायांनो. आपलं रोजचं काम करून बघायचं. दोन्हींत ४ जीबी रॅम, दोन्हींत जुनी हार्ड डिस्क. सुरू व्हायला दोघांनीही जवळपास सारखाच वेळ खाल्ला, कारण तिथे प्रोसेसर अडत नाही, डिस्क अडते. मग व्हिडिओ कॉल लावला, मागे शीट उघडी ठेवली आणि टास्क मॅनेजर बघितला. ई ८४०० शंभर टक्क्यांवर जाऊन बसला, आवाज तुटायला लागला, पंखा घोंघावू लागला. आय थ्री साठ-सत्तरच्या आत खेळत होता. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी तिथेच बोट ठेवलं: "हाच द्या. आणि डिस्कच्या जागी एसएसडी टाकून द्या." त्यांचं म्हणणं योग्यच होतं. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडीने जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही.

नाव वाचताना शेपटीपर्यंत वाचा. नुसतं "आय थ्री आहे" यावर जाऊ नका. पुढचा आकडा २१०० असेल तर पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, ३२२० असेल तर तिसरी. ५३० किंवा ५४० असा तीनच आकडी असेल तर तो पहिल्या पिढीतला. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर बदलता येतं. "धिस पीसी"वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की पूर्ण नाव दिसतं.

आता विंडोजचं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे दोन्ही प्रोसेसर नाहीत. दुकानदार आडवाटेने ११ टाकून देतो म्हणतात. ई ८४०० वर तर ११ ची २४ एच २ आवृत्ती सुरूच होत नाही, तिला लागणाऱ्या काही सूचनाच या प्रोसेसरला येत नाहीत. ज्या कॉम्प्युटरवरून गटाचं बँक खातं उघडायचं, त्यावर सुधारणा न मिळणारी प्रणाली ठेवणं आम्हाला पटलं नाही. आम्ही लिनक्स मिंट घातलं. ते फुकट आहे, लिबर ऑफिसमध्ये हिशोबाची शीट चालते, मराठी टायपिंगही होतं. मात्र अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सही जोडायची असेल, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, हे पैसे मोजायच्या आधी विचारा. नसेल चालत, तर हे दोन्ही सोडून जरा पुढच्या पिढीचा बघावा लागेल.

मग ई ८४०० अगदीच टाकाऊ का? नाही. घरी कुणाला मराठी टायपिंग शिकायचंय, पोरांना अक्षरं गिरवायचीत, एका वेळी एकच काम करायचंय, आणि तो खरोखर स्वस्तात मिळतोय, तर घ्या. वर एखादी हलकी लिनक्स टाका, पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या, आणि घड्याळ रोज मागे पडत असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला.