दर्या आणि दऱ्या



संयोजकांनी पाच मिनिटे दिली आहेत, आणि 'तू नेमके करतोस तरी काय, ते एकदा सांग' अशी ताकीदही. संगणकावर मराठी नीट उमटावी म्हणून लागणारे फॉन्ट आम्ही काही जण मिळून बनवतो. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. त्याची आतली रचना सर्वांना खुली. कुणीही पाहावी, सुधारणा सुचवावी. पगार नाही, हजेरीपट नाही. त्यामुळे आलेला माणूस टिकवणे हेच मोठे काम.

नवा माणूस पहिल्याच दिवशी दहा सुधारणा सुचवतो. जुने वैतागतात, 'आधी नियम वाच' म्हणून मोकळे होतात. तो पुन्हा फिरकत नाही. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने पुढे लिनक्स म्हणून गाजलेल्या आपल्या कामाची पहिली वर्दी दिली. तेव्हाच त्याने सांगून टाकले होते, की सूचना जरूर करा, पण अमलात आणीनच असे वचन देत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, हे मला फार आवडते.

गेल्या वर्षी सोलापूरच्या एका विद्यार्थिनीने कळवले, 'तुमच्या फॉन्टात र चुकतो.' बस्स, एवढेच. आमच्यातल्या एका जुन्याजाणत्याने उत्तर दिले, हिंदीत तर सगळे ठीक दिसते. मी म्हटले, नमुना पाठव. आपल्या कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाची प्रत कशी ठरायची, ते इथल्या कित्येकांच्या वडिलांनी पाहिले आहे. गाठीतून मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी तंतू ताणून बघायचा. माल कोणी आणला, हे नंतर.

तिने एकच शब्द पाठवला : दऱ्या. आमच्या फॉन्टात त्यातला र पाय मोडून वेगळाच पडत होता. लोक कंटाळून 'दर्या' लिहीत, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत थेट समुद्र! आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला फरक आपल्या बाईंनी फळ्यावर दाखवला होता, तसा तिलाही कुणीतरी दाखवला असणार. ऱ फॉन्टात होता, त्याचे जोडाक्षरातले रूप कुणी काढलेच नव्हते. आठवड्यात ते काढले आणि दुरुस्तीच्या नोंदीत तिचे नाव घातले.

मग तिला जोर चढला. म्हणाली, ल हिंदी वळणाचा आहे, मराठी दोन पाकळ्यांचा करा. म्हणणे रास्त होते. पण युनिकोडमध्ये मराठी, हिंदी, नेपाळी सगळ्यांच्या ल ला क्रमांक एकच. सरसकट बदलला, तर बाकीचे आमच्या नावाने बोटे मोडणार. हे सगळे तिला सविस्तर लिहिले आणि नकार दिला. दोन दिवस उत्तर नाही. वाटले, गेली.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, 'मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कळते ना? मग तेवढ्यापुरता ल वेगळा दाखवता येईल?' येतो. तशी सोय फॉन्टच्या तंत्रात आहेच. तो ल आता तीच काढते आहे. डावी पाकळी मोठी हवी की उजवी, यावर सध्या आमचे जोरदार भांडण चालले आहे. चित्रकलेचे सर समोरच बसले आहेत. सर, जेवणानंतर पाच मिनिटे द्याल का? कागद मी आणला आहे.