नेम धरायला पिन एक की अनेक?



सन १८२५ मध्ये जेम्स ऊट्रम या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि तिचं ठाणं धरणगावात ठेवलं. डोंगरातून आलेल्या भिल्ल जवानांना तिथं बंदुकीची कवायत शिकवली गेली. त्यांचं मूळचं हत्यार मात्र तीरकामठा. बांबूचा कामठा, बांबूच्याच चिवट सालीची दोरी आणि लोखंडी टोकाचा बाण. नेम धरण्यासाठी त्या कामठ्यावर कसलीही खूण नसे. दोरी ओढायची, नजर सावजावर ठेवायची आणि हाताच्या सवयीवर बाण सोडायचा, अशी ती विद्या होती.

आज अमेरिकेत धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला निघणाऱ्या माणसाचं चित्र वेगळं आहे. त्याच्या धनुष्याला चाकं असतात, दोरीत डोळ्यासमोर येणारं बारीक छिद्र असतं आणि मुठीच्या वर एका गोल कड्यात चमकत्या टोकाच्या पिना बसवलेल्या असतात. या कड्याला साईट म्हणतात. तिच्यात पिन एकच असावी की तीन, पाच, सात असाव्यात, यावर तिकडचे शिकारी वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. आपल्या मैदानांवरही आता चाकांची धनुष्यं आली आहेत, म्हणून हा वाद इथंही समजून घेण्यासारखा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला आज बंदी आहे. अमेरिकेतली गोष्ट निराळी. तिथं परवाने असतात, ठरलेला हंगाम असतो, आणि विस्कॉन्सिन राज्यानं तर १९३४ मध्येच केवळ धनुष्यबाणासाठी हरणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला.

साईटला खरं महत्त्व आलं ते कंपाऊंड धनुष्यामुळे. मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. या धनुष्याची दोरी पूर्ण ओढली की चाकं वळतात आणि हातावरचा भार उतरतो. ६० पौंडांचं धनुष्य ८० टक्के भार उतरवत असेल, तर ओढलेली दोरी धरून ठेवायला १२ पौंडांचं बळ पुरतं. बांबूच्या कामठ्यात ही सोय नाही. तो जितका ओढावा तितका जड होतो, म्हणून दोरी ताणली की बाण लगेच सोडावा लागतो. कंपाऊंडवाल्याला थांबता येतं, आणि थांबता येतं म्हणूनच छिद्रातून पाहून पिन सावजावर टेकवता येते.

पण पिन टेकवली म्हणजे बाण तिथंच लागेल, असं नाही. बाण सुटला की त्याच क्षणापासून खाली पडू लागतो. ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे शिकवावं लागत नाही. लांबच्या पाखरांसाठी तो गोटा वरच्या दिशेनंच सोडतो. धनुष्याच्या बाबतीत हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो. सेकंदाला ८० मीटर वेगानं निघालेल्या बाणाला २० मीटर जायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात तो, हवेचा अडथळा सोडून दिला तरी, सुमारे ३१ सेंटीमीटर खाली येतो. ३० मीटरवर ही घसरण ६९ सेंटीमीटर होते आणि ४० मीटरवर सव्वा मीटरच्या जवळ जाते. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट होते. सगळ्या पिनांचा जन्म या एका नियमातून झाला आहे.

अनेक पिनांच्या साईटमध्ये प्रत्येक अंतराला एक पिन दिलेली असते. सर्वांत वरची २० यार्डांची, तिच्याखाली ३० ची, मग ४० ची, असा साधारण क्रम असतो. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी, ९१ सेंटीमीटर. हरीण २० वर उभं होतं आणि चालत ३० वर गेलं, तर शिकाऱ्याला साईटला हात लावावा लागत नाही. वरची पिन सोडून खालची पिन त्यानं सावजावर आणली की झालं. जंगलातलं हरीण एका जागी थांबत नाही, म्हणून हा गुण फार मोलाचा ठरतो.

दोष आहे तो गर्दीचा. पाच पिना एकाखाली एक आल्या की खालच्या पिना हरणाचं अंग झाकतात. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात, म्हणजे नेमक्या हरणं बाहेर पडण्याच्या वेळेला, हे जास्त जाणवतं. काळीज धडधडत असताना चुकीची पिन निवडली जाते, हा दुसरा धोका. पिनांना हिरवा, लाल, पिवळा असे वेगवेगळे रंग देतात ते यासाठीच.

एका पिनेच्या साईटमध्ये नजरेसमोर मोकळी जागा राहते. एकच टोक, एकच निर्णय. बाजूला चकती असते, ती फिरवली की पिन वर-खाली सरकते. अंतर ३४ असेल तर नेमकं ३४ वर आणता येतं. अनेक पिनांत ३० आणि ४० च्या मधली जागा अंदाजानं धरावी लागते, ती अडचण इथं उरत नाही. पण चकती फिरवायला हात लागतो, आणि दोरी ओढलेली असताना दोन्ही हात गुंतलेले असतात. मचाणावर बसलेल्या माणसाची तेवढी हालचालही सावध हरणाच्या नजरेतून सुटत नाही.

यावर अनुभवी लोकांनी एक तोडगा काढला आहे. एकच पिन २५ मीटरवर लावून ठेवायची आणि चकतीला हात लावायचाच नाही. डोळा बाणाच्या सुमारे ११ सेंटीमीटर वर धरला आणि वेग वर सांगितलेलाच घेतला, तर अशा पिनेनं बाण २० मीटरवर ५ सेंटीमीटर वर लागतो आणि ३० मीटरवर ९ सेंटीमीटर खाली. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण २० सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे मधोमध नेम धरला तर दोन्ही बाण त्या जागेतच राहतात. मात्र तीच पिन ३० वर लावली आणि हरीण प्रत्यक्षात ४० वर निघालं, तर बाण पाऊण फुटाहून अधिक खाली जातो. मर्म चुकतं आणि जनावर जखमी होऊन रानात पळतं. शिकारीत याहून वाईट शेवट नाही.

अंतर वाढलं की अजून एक अडचण उभी राहते. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगानं जातो, म्हणजे बाणाच्या चौपटीहून अधिक. ४० मीटरवरच्या हरणाला आवाज सुमारे ०.१२ सेकंदात ऐकू येतो आणि बाण पोहोचतो अर्ध्या सेकंदानं. मधल्या काळात हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो. याला कोणत्याच साईटकडे उत्तर नाही. उत्तर एकच, लांबचा बाण सोडायचा नाही.

मग निवड कशी करावी? दाट झाडीत, जिथं ३० मीटरपलीकडे दिसतच नाही, तिथं एक पिन उत्तम. मोकळ्या माळावर, जिथं जनावर कुठल्याही अंतरावर येऊ शकतं, तिथं तीन पिना बऱ्या. पाच किंवा सात पिनांनी सोयीपेक्षा गोंधळ अधिक होतो. दोन-तीन पिना पक्क्या आणि सगळ्यात खालची सरकणारी, अशा मिश्र साईटही मिळतात.

महाराष्ट्रात मात्र कंपाऊंड धनुष्याची कीर्ती मैदानावर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं कंपाऊंडच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडले. त्यांचं अंतर ठरलेलं, ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं. अंतर बदलतच नाही, तिथं अनेक पिनांचं काम काय? कड्यात एक भिंग आणि त्यावर नेमाची एक खूण एवढं पुरतं.

बांबूच्या धनुष्यापासून साईटपर्यंतचा प्रवास एकाच माणसानं केल्याचं उदाहरणही आपल्या शेजारी आहे. राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यातल्या लिंबारामनं लहानपणी बांबूच्या धनुष्यानं नेम धरला. पुढं तो तीन ऑलिंपिक खेळला, १९९२ च्या बीजिंगमधल्या आशियाई स्पर्धेत त्यानं जागतिक विक्रमाची बरोबरी करत सुवर्णपदक मिळवलं आणि २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. अंतर ओळखणारी नजर त्यानं रानातच कमावली होती. साईट तिच्यावर नंतर चढली.

धरणगाव, चोपडा, यावल, शिरपूर या भागातल्या ज्या मुलामुलींना धनुष्य हातात घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी सल्ला सरळ आहे. पहिले काही महिने साईटशिवाय, जवळून, ठरलेल्या अंतरावरून सराव करावा. दोरी ओढण्याची रीत आणि हात स्थिर झाला की एका पिनेची साईट घ्यावी. फोमची जनावरं मांडून, अंतर न सांगता होणाऱ्या स्पर्धांकडे वळायचं असेल तर मात्र अंतराचा अंदाज बांधायला आधी शिकावं आणि त्या स्पर्धेचे नियम पाहूनच साईट निवडावी.

सराव कुठं करायचा नाही, हेही सांगायला हवं. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला ऊट्रमचं नाव आहे, आणि त्या परिसरातलं रान आज गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखलेलं आहे. सातपुड्यात यावल अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यानं हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट घेतलं आहे, आणि परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायला मनाई आहे. तेव्हा साईट एका पिनेची असो वा सात पिनांची, तिच्यातून नेम धरायचा तो मैदानावरच्या कागदी वर्तुळावर. खानदेशातल्या पालकांनी आणि शाळांनी आपल्या मुलांसाठी असं एखादं सुरक्षित मैदान गावागावात उभं करावं, ही विनंती.