लांकडी वस्तूंची पाठवणी



सावंतवाडीच्या चितारआळींत तयार झालेलीं लांकडी फळें आणि खेळणीं पुष्कळ घरांच्या कपाटांत मांडलेलीं दिसतात. असा नाजूक माल परगांवीं पाठवावयाचा म्हणजे पेटींत गवत कोंबून खिळे ठोकले कीं झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळें धक्क्यापासून रक्षण होतें हें खरें. परंतु लांकडाचा मोठा वैरी धक्का नसून ओल होय.

झाड तोडलें तरी लांकडाची हवेशीं देवघेव संपत नाहीं. दमट हवेंत तें बाष्प शोषून फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. हें आकसणें लांबीच्या दिशेनें फारच थोडें, आडव्या दिशेनें पुष्कळ, आणि तेंही सर्व बाजूंनीं सारखें नसतें. म्हणूनच अर्धवट वाळलेल्या लांकडाचा गोल डबा कोकणांतून सोलापूरच्या उन्हाळ्यांत गेला, कीं किंचित् लंबगोल होतो आणि त्याचें झांकण अडून बसतें. लाखेच्या लेपानें ही क्रिया मंदावते, थांबत नाहीं.

यावर उपाय पेटी भरण्यापूर्वींच करावा लागतो. लांकूड सावलींत, खेळत्या हवेंत वाळवावें. कोरड्या लांकडाच्या वजनाच्या मानानें ओल शेंकडा २० हून कमी राहिली, म्हणजे बुरशीला थारा मिळत नाहीं. पेटीही तितकीच सुकी हवी. जहाजावरील पोलादी कंटेनर दिवसां तापतो, तेव्हां ओल्या फळ्यांतील पाणी वाफ होऊन बाहेर पडतें. रात्रीं छत थंड झालें, कीं तेंच पाणी थेंबाथेंबानें मालावर ठिबकतें. बाहेर पाऊस नसतांही माल भिजतो तो असा.

वखारींत पेट्या जमिनीवर न ठेवतां ठोकळ्यांवर रचाव्या व भिंतीपासून हातभर अंतर राखावें. एखाद्या वस्तूच्या बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा पडूं लागला, तर ती तत्काळ वेगळी काढावी.

किडीची ही बाब क्षुल्लक नव्हे. १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा आढळला. चीनहून आलेल्या मालाच्या खोक्यांतून तो आला असावा, असें तज्ज्ञ मानतात. त्याच्या पायीं अमेरिकेंत हजारों झाडें तोडावीं लागलीं. अशा उपद्रवांना आळा घालण्यासाठीं २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला. परदेशीं जाणाऱ्या पेटीचें जाड लांकूड सोललेलें असावें लागतें. उष्णतेचा उपाय योजल्यास तें गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटें तापवून पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का उमटवितात. शिक्का नसेल, तर बंदरावरूनच माल परत फिरूं शकतो.

पेटीवर ‘नाजूक माल’ असें ठळक लिहिल्यानें हमाल सावध होईल. हवा होणार नाहीं. तेव्हां शेवटचा खिळा ठोकण्यापूर्वीं घटकाभर ओलीचा विचार व्हावा. कारागिराच्या कष्टांचें मोल राखणें तें हेंच.