पाऊस थांबला, पण पाणी अजून वाटेत आहे



दोन दिवस मुसळधार पडून पाऊस ओसरला, खिडकीतून जरा ऊन दिसलं, की आपण म्हणतो, "चला, संपलं एकदाचं!" आणि गाडीची किल्ली हातात घेतो. आज बोलायचंय ते याच वेळेबद्दल.

आपल्यातल्या कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. शहरात उघडीप असली तरी सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. कारण वर घाटाकडे पडलेलं पाणी पंचगंगेतून खाली यायला वेळ लागतो.

आयर्लंडमध्येही तसंच आहे. १८ ऑक्टोबर २०२३ ला बाबेट वादळात कॉर्कजवळच्या मिडलटनमध्ये पाणी बघता बघता मुख्य रस्त्यावर आलं आणि शेकडो घरं-दुकानं भिजली. शॅनन नदीचं मात्र उलट. तिला उतार फार कमी, त्यामुळे पाणी सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळ निघून गेलं, तरी अ‍ॅथलोनचे लोक पुढे कित्येक दिवस पंप आणि वाळूची पोती घेऊन झगडत होते.

म्हणून मेट एरनचा इशारा उठला तरी नदीची पातळी बघा. ओपीडब्ल्यूच्या वॉटरलेव्हल डॉट आयई या साइटवर ती दिसते.

रस्त्यावर पाणी असेल तर गाडी मागे वळवा. समोरची गाडी गेली म्हणून आपली जाईलच असं नाही. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी माणसाला पाडू शकतं, ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं. खाली रस्ता खचलाय की मॅनहोलचं झाकण निघालंय, ते गढूळ पाण्यात दिसत नाही.

मुलांना त्या पाण्यात खेळू देऊ नका. त्यात सांडपाणी आणि शेतातली घाण असते. विजेची तार पडलेली दिसली तर लांब राहा आणि ईएसबी नेटवर्क्सला १८०० ३७२ ९९९ वर कळवा. घरात पाणी शिरलं असेल, तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज चालू करू नका. गावाकडे राहणाऱ्यांनी विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत उकळूनच प्यावं.

शेवटचं एक. भारतातून आई-बाबा आले असतील, तर ११२ हा नंबर आणि आपला एअरकोड मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावून ठेवा. मदत मागताना पत्ता सांगायला अडायला नको.

ऑफिसला उशीर होणार असेल तर फोन करून सांगा. उशिराचं काय, ते निभावतं. काळजी घ्या. नमस्कार!